चढावर पाय कोणी उचलला?

१

नकाशेकाकांचं डोकं आता पूर्वीसारखं चालत नाही, हे कागदावर छापून आलं होतं. तो कागद त्यांच्या लेकीच्या हातात होता, आणि लेक गुरुवारी सकाळी माझ्या गॅरेजच्या दारात उभी होती. मागे काकांची राखाडी गाडी. गाडीच्या मागे, जणू आपला इथे काही संबंध नाही अशा थाटात, स्वतः काका.

काकांनी पस्तीस वर्षं एका कार्यालयात इमारतींचे नकाशे काढले, म्हणून ते नकाशेकाका. त्यांची लेक दातांची डॉक्टर. आणि मी गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. मला लोक सुईमास्तर म्हणतात. माझ्या उस्तादांची पद्धत होती, कपलरपासून, म्हणजे तारांच्या टोकाच्या प्लास्टिकच्या जोडापासून, चार बोटं मोजायची, तिथे वायरीत शिवणाची सुई टोचायची, सुईला मीटर लावून आतले व्होल्ट वाचायचे. मग ते भोक नेलपॉलिशच्या थेंबाने बुजवायचं, म्हणजे पाणी शिरत नाही. या पद्धतीपायी माझ्या बायकोने आजवर किती बाटल्या गमावल्या, ते तिलाच विचारा. हल्ली चष्म्याचा नंबर वाढला, म्हणून मी सुई सोडली आणि कपलरच्या मागून बारीक पिना सरकवतो. सुई गेली, नाव राहिलं.

"काल आईच्या दवाखान्याच्या चढावर गाडी बंद पडली," लेक म्हणाली. "महिन्यात तिसऱ्यांदा. मागे घरंगळून मागच्या गाडीचा दिवा फुटला. आई शेजारी बसली होती, मास्तर. मागे माणूस असतं तर?"

"गाडी आपोआप बंद पडली," काका मागून म्हणाले.

लेकीने त्यांच्याकडे न बघता कागद माझ्या हातात दिला. दुसऱ्या एका वर्कशॉपमधल्या स्कॅनरवाल्याने गाडीत आठवडाभर एक डबी बसवली होती. गाडीचा कॉम्प्युटर काय काय बघतो, ते सगळं ती डबी टिपून ठेवते. कालच्या त्या क्षणासमोर लिहिलं होतं, ॲक्सिलरेटर चार टक्के. चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये, चार टक्के. म्हणजे पाय वरच.

"बाबांनी चढावर पाय उचलला, आणि उचलला हे त्यांच्या लक्षात नाही," लेक हळू आवाजात म्हणाली. "शनिवारी अकरा वाजता गाडी विकत घ्यायला माणूस येतोय. तुम्ही फक्त एवढंच सांगा की गाडीत दोष नाही. तुमचं ते ऐकतील."

"आणि मी सांगतो, दोष शोध," काका म्हणाले.

मी दोघांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि तोंडातून जे जायला नको होतं ते गेलं. "वय झालं की होतं असं, काका."

काकांनी मान डोलावली. ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

२

लेक तिच्या दातांच्या दवाखान्यात निघून गेली. मी काकांना स्टुलावर बसवलं आणि चौकशी सुरू केली. गाडीचं निदान म्हणजे निम्मं निदान मालकाच्या तोंडात असतं.

"नीट सांगा. कुठे, कधी, कसं."

"दवाखान्याचा चढ. दरवेळी तोच. सकाळी. हिला बोलायच्या व्यायामाला नेतो ना, तेव्हा. दुसरा गिअर टाकला, पाय दाबला, आणि गाडीने मान टाकली."

"येताना?"

"येताना एकदाही नाही."

"घरापासून दवाखाना किती?"

"पाच मिनिटं."

"आणि पाय दाबलेला होता?"

"दाबलेला होता." मग थोडं थांबून, "दाबलेला होता असं मला वाटतं." मग आणखी थांबून, "परवा माझा चष्मा फ्रिजमध्ये सापडला रे."

केसाएवढी बारीक रेघ न थरथरता ओढणारा हा माणूस. गेली कित्येक वर्षं गाडी माझ्याकडेच आणायचा. मागच्या पावसाळ्याआधी डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला होता, तेव्हाही सगळ्या तारखा, किलोमीटर, हवामान, सारं पाठ करून आला होता. आता समोर बसून स्वतःच्याच पायाची खात्री देता येईना त्याला. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून रागही आला.

"गाडी गेली तर जाऊ दे की," मी म्हटलं. "टॅक्सीने जा."

"तुझ्या काकूला टॅक्सीत बसवत नाही. ती घाबरते, ओरडते. डोक्यात रक्ताची गाठ झाल्यापासून अनोळखी माणूस जवळ आला की तिचं असंच होतं. लेक म्हणते, मग आईला दवाखान्याच्या निवासी विभागातच ठेवू. तिथेच राहील, तिथेच व्यायाम होतील." त्यांनी हातातली किल्ली उलटसुलट केली. "बेचाळीस वर्षांत ही एक रात्र माझ्याशिवाय राहिलेली नाही. आणि लेकीचंही चुकत नाही. माझा पाय खरंच उचलला जात असेल, तर मी हिला मारीन एक दिवस. तेवढं मला कळू दे. गाडीत दोष निघो की माझ्यात, पण कळू दे."

म्हणजे गिऱ्हाईक एक, पण मागणं भलतंच. मी बॉनेट उघडलं.

३

पेडल दाबलं की इंजिनाच्या तोंडाशी असलेली हवेची झडप उघडते. झडप किती उघडली, हे सांगायला तिच्या दांड्यावर एक सेन्सर असतो. त्याला तारा तीन. एका तारेने पाच व्होल्ट येतात, दुसरी अर्थिंगची, आणि तिसरी निरोप्याची. पाय वर असेल तर निरोप अर्ध्या व्होल्टचा, पूर्ण दाबला तर साडेचारचा. कॉम्प्युटर तो निरोप वाचतो आणि त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. पाय वर आहे असा निरोप आला तर पेट्रोल तोडतो. इतकं साधं आहे हे सगळं.

माझा पहिला संशय सेन्सरवर. पण तो स्कॅनरवाल्याने तीन आठवड्यांपूर्वीच नवा बसवला होता, आणि त्यानंतरही गाडी दोनदा पडली होती. मी कपलरच्या मागून पिना सरकवल्या आणि झडप हाताने हळूहळू उघडली. अर्धा, एक, दोन, तीन, साडेचार. काटा लोण्यातून सुरी जावी तसा गेला.

दुसरा संशय धुलाईवाल्यावर. काकांच्या इमारतीखाली गाड्या धुणारा एकजण आहे, तो इंजिनावरही जोराचा फवारा मारतो. त्याला फोन केला. "काकांनी मला दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय, इंजिनाला हात लावायचा नाही म्हणून," तो म्हणाला. "एकदा लावला होता तर तासभर ऐकवलं मला."

तिसरा संशय उंदरावर. वायरिंगवर काळी नळी चढवलेली होती. मी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी चाचपली. कुठे कुरतडलेलं नाही, कुठे लेंडी नाही. उंदीर निर्दोष.

मग मी तीच गाडी घेऊन स्कॅनरवाल्याकडे गेलो. त्याची काचेची केबिन आहे आणि हात कधीच काळे नसतात.

"काय करता तुम्ही अजून मीटर घेऊन?" तो म्हणाला. "सेन्सर नवा. दोषाचा कोड एकही नाही. कोड नाही म्हणजे दोष नाही. मशीन खोटं बोलत नाही हो, माणूस बोलतो."

"नकली सेन्सर बसवला नसशील ना?"

"मास्तर, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं करू नका." त्याने मला जुन्या-नव्या दोन्ही सेन्सरचे मोजलेले आकडे दाखवले. चोख होते. मला त्याचा राग आला, कारण तो बरोबर होता.

दुपारी तिथूनच मी एकटा गाडी घेऊन त्या चढावर गेलो. दुसरा गिअर टाकला, पाय दाबला. गाडी तक्रार न करता वर गेली. पुन्हा गेलो. पुन्हा तेच. सात वेळा चढलो आणि सातही वेळा गाडीने काकांच्या विरुद्ध साक्ष दिली.

परत येऊन मी स्टुलावर बसलो. दोष नाही, असा निरोप लेकीला पाठवायला फोन हातात घेतला आणि पुन्हा खिशात टाकला. का टाकला, ते मलाही कळलं नाही.

४

संध्याकाळी काका येऊन गाडी घेऊन गेले होते. शुक्रवारी आले ते काकूंना घेऊनच. व्यायामाहून परत निघाले होते. काका आत चहा करायला गेले आणि मी काकूंच्या बाजूचं दार उघडलं.

काकांखेरीज तिन्ही वेळा गाडीत हजर असलेलं एकमेव माणूस, आणि त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. बोलता येत नाही, मग विचारायचं काय, असं प्रत्येकाने धरून चाललेलं. मीही त्यातलाच.

"काकू, चढावर काय झालं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, शब्द आला नाही. मग त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला आणि स्वतःच्या मांडीवर पालथा ठेवला. त्यावर आपला तळवा ठेवून दाबला आणि तसाच दाबून धरला. हनुवटीने शेजारची रिकामी सीट दाखवली, खालची पेडलं दाखवली. तळवा दाबलेलाच. मग मान एकदम खाली टाकली, गाडी टाकते तशी. आणि तरीही तळवा दाबलेलाच होता.

दोनदा करून दाखवलं त्यांनी. दुसऱ्यांदा माझा हात दुखला.

आता मी पुरता गोंधळलो. डबी म्हणते पाय वर, काकू म्हणतात पाय खाली. मशीन खोटं बोलत नाही म्हणे, आणि या बाईला खोटं बोलायला शब्दच नाहीत. रात्री जेवताना घास हातात तसाच राहिला.

"काय झालं?" बायकोने विचारलं. मी सगळं सांगितलं.

"पण त्या मशीनने पाय बघितला का?" ती भाजी वाढता वाढता म्हणाली. "काकूंनी बघितलाय."

मी घास खाली ठेवला. डबीने पाय बघितलेलाच नव्हता. झडपही बघितली नव्हती. कॉम्प्युटरपर्यंत जो निरोप पोचला, तेवढाच तिने लिहून घेतला. सेन्सरने निरोप नीट धाडला, हे मी स्वतः मोजलं होतं. पण तो वाटेत बदलला असेल तर? मी तारेचं एकच टोक मोजलं होतं.

आणि कोड? निरोप पूर्ण तुटला तर कॉम्प्युटर बोंब मारतो. पण दोन व्होल्टचा निरोप अर्ध्या व्होल्टचा होऊन पोचला, तर तो बिचारा काय समजणार? पाय उचलला, एवढंच. पटण्यासारखं खोटं पकडायला अवघड.

राहिला एक प्रश्न. मी सात वेळा चढलो तेव्हा गाडी का पडली नाही? त्याचं उत्तर काकांनी पहिल्याच दिवशी दिलं होतं आणि मी ऐकूनही ऐकलं नव्हतं. सकाळ, आणि घरापासून पाच मिनिटं. इंजिन थंड, तारांचं आवरण थंड आणि ताठ. चढावर जोर लागला की इंजिन आपल्या जागी एका बाजूला झुकतं आणि तारा ओढल्या जातात. माझ्याकडे गाडी यायची ती तापूनच, आवरण मऊ झालेलं.

मी लेकीला फोन केला. "शनिवारी सकाळी आठला बाबांच्या घरी या. मीटर धरायला माणूस हवाय."

"मास्तर, अकराला तो माणूस..."

"आठला या," मी म्हटलं.

५

शनिवारी लेक आली, पण तोंड आंबट करून. मी बॉनेट उघडून सेन्सरपाशी एक पिन लावली आणि तिची लांब वायर खिडकीतून आत घेतली. दुसरी पिन डॅशबोर्डच्या खाली, कॉम्प्युटरच्या तोंडाशी. एकाच तारेची दोन टोकं, दोन मीटर. लेकीला पुढच्या सीटवर बसवलं आणि दोन्ही मीटर तिच्या मांडीवर ठेवले, सेन्सरचा डावीकडे, कॉम्प्युटरचा उजवीकडे. काकूंना घेऊन मी मागे बसलो.

"दोन्हींवर एकच आकडा यायला हवा," मी तिला सांगितलं. "आणि बाबांच्या पायाकडेही बघा."

काकांनी गाडी काढली. त्यांचे हात स्टीअरिंगवर इतके घट्ट होते की बोटांची पेरं पांढरी पडली होती. सपाट रस्त्यावर दोन्ही आकडे जुळ्या भावांसारखे चालले होते. वळण आलं, चढ आला. काकांनी दुसरा गिअर टाकला आणि पाय दाबला.

गाडीने मान टाकली.

"बाबा!" लेक ओरडली. काकांनी ब्रेक मारून हँडब्रेक ओढला. मागून हॉर्न वाजायला लागले.

"आकडे सांगा," मी म्हटलं.

"डावीकडे एक पूर्णांक नऊ होता. उजवीकडे..." तिने उजवा मीटर उचलून धरला. "उजवीकडे शून्य पूर्णांक सहा."

"आणि पाय?"

काका समोर बघत होते, जणू निकाल ऐकायला उभे आहेत.

"पाय दाबलेला होता," लेक म्हणाली. "मी बघत होते. पूर्ण वेळ दाबलेला होता."

काकांनी डोकं स्टीअरिंगवर टेकवलं.

दवाखान्याच्या आवारात गाडी लावून मी बॉनेट उघडलं. निरोप दोन टोकांच्या मध्ये हरवत होता, म्हणजे चोर त्या काळ्या नळीच्या आतच होता. मी कपलरकडून नळी कापत गेलो. चार बोटांवर थांबलो.

तीन तारा शेजारीशेजारी होत्या. त्यातली निरोप्याची तार एका जागी फुगली होती. आवरणावर एक बारीक भोक, टाचणीच्या टोकाएवढं. जरा वाकवली तर भोकातून हिरवा गंज बाहेर आला. आतलं तांबं सडून तुटलं होतं, आणि दोन टोकं त्या ओल्या हिरव्या लगद्यात कशीबशी टेकली होती. ओढ बसली की लांब होत, सैल झाली की पुन्हा टेकत.

"हे भोक कसलं?" लेकीने विचारलं. "उंदीर?"

मी शेजारच्या दोन तारांकडे बघत होतो. त्यांवरही अगदी त्याच जागी, चार बोटांवर, एकेक भोक होतं. पण त्या दोन्ही भोकांवर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता.

६

उंदीर म्हणणं सोपं होतं. लेकीने उत्तर स्वतःच हातात आणून दिलं होतं. मी मान डोलावली असती तर गाडी वाचली असती, काका वाचले असते, काकू घरी राहिल्या असत्या, आणि माझं नावही शाबूत राहिलं असतं.

गुरुवारभर मी धुलाईवाल्याला छळलं, स्कॅनरवाल्यावर नकलीचा आळ घेतला, उंदराच्या लेंड्या शोधल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

"उंदीर सुई वापरत नाही," मी म्हटलं. "हे मी केलंय."

दोघंही वाकून ते लाल ठिपके बघायला लागले.

"मागच्या पावसाळ्याआधी पिवळा दिवा लागला होता. तेव्हा मी या तीन तारांत सुई टोचली. चार बोटांवर टोचणारा या भागात मी एकटाच. दोन भोकं बुजवली, तिसरं बुजवायचं राहिलं. पावसाळाभर त्यातून ओल शिरली. तांबं एका दिवसात सडत नाही, म्हणून इतके महिने गाडी चालली आणि आता पडायला लागली."

"राहिलं कसं?" लेकीने विचारलं. आवाजात धार होती, आणि ती असायलाच हवी होती.

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. रात्रभर आठवलं असतं तरी सापडलं नसतं. फोन वाजला असेल, कोणी हाक मारली असेल, बाटली शेजारी असूनही मला वाटलं असेल की झालं सगळं. "विसरलो. त्यावर यांनाच म्हटलं, वय झालं की होतं असं. माफ करा, काका. दिवा फुटला, तेव्हा मागे माणूसही असू शकलं असतं. तेही माझ्याच माथी आलं असतं."

काका माझ्या अगदी जवळ आले. आता चार शब्द ऐकावे लागणार म्हणून मी मान खाली घातली.

"म्हणजे विसरलास तू," ते म्हणाले.

"हो."

"मी नाही."

"तुम्ही नाही. तुमचा पाय जिथे असायला हवा तिथेच होता. तिन्ही वेळा."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. काकांचे डोळे भरून आले आणि चेहरा हसायला लागला, दोन्ही एकदमच. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला ओढत काकूंच्या खिडकीशी नेलं. "आता हिला सांग. सगळं सांग. सुईपासून."

मी खिडकीशी उकिडवा बसलो आणि सुईपासून सांगितलं. इतका मोठा गुन्हा इतक्या खुशीने कोणी माझ्याकडून वदवून घेईल, असं मला वाटलं नव्हतं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर एक टपली मारली. चांगली लागली, आणि मला बरं वाटलं.

लेक लांब जाऊन फोनवर बोलत होती. अकरा वाजता येणाऱ्या माणसाला ती नको म्हणून सांगत होती. मी तेवढ्यात सडलेला तुकडा कापून तारेला नवा जोड दिला, झाळला, आवरण चढवलं आणि दोनदा तपासलं. मग तिसऱ्यांदा तपासलं, कारण माझाच माझ्यावर भरवसा राहिला नव्हता. काकांनी गाडी आवारातून चढाच्या पायथ्याशी नेली आणि वर आणली. पुन्हा नेली, पुन्हा आणली. तिसऱ्या वेळी त्यांचे हात स्टीअरिंगवर सैल पडलेले मला बाहेरून दिसले.

काकूंचा व्यायाम उरकला. निघायची वेळ झाली, तरी लेक तिथेच होती. तिने फोन पर्समध्ये ठेवला आणि पुन्हा काढला. वडिलांशी काहीतरी बोलायचं होतं, पण ते कुठून सुरू करावं हे त्या शिकलेल्या बाईला सुचत नव्हतं. शेवटी ती गाडीपाशी आली, मागचं दार उघडून आत बसली आणि दार ओढून घेतलं.

"बाबा, मला वाटेत माझ्या दवाखान्यापाशी सोडाल?"

काकांनी आरशात तिच्याकडे पाहिलं.

"पट्टा लाव," ते म्हणाले.